पिंडापुढची दोन भाषणं

सर, मला तुमचा राग येतो. हे तोंडावर सांगायची सोय तुम्ही सतरा वर्षांपूर्वीच काढून घेतलीत, म्हणून कागदावर सांगते आहे. काल दुपारी तुमचा मुलगा घरी आला होता. कॉलेजात वरिष्ठ लिपिक झालाय, केस पिकलेत, चालतो मात्र तुमच्यासारखाच, एक खांदा पुढे काढून. ग्रंथालयात तुमचा मोठा फोटो लावायचा आहे आणि जुनी विद्यार्थिनी म्हणून मी दोन शब्द बोलावेत अशी संस्थेची इच्छा आहे, एवढं त्यानं चहा उकळेपर्यंत सांगितलं. खरं काम कप खाली ठेवल्यावर निघालं. "ताई, तेवढं ते कॉपीचं प्रकरण काढू नका. माजी नोकरी हाय, पोरगी तिथंच अकरावीला हाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप कोणता आरोप डोक्यावर घेऊन गेला ते तरी आठवतं का, असं मी त्याला विचारलं, आणखीही बरंच बोलले. तो फरशीकडे बघत म्हणाला, "आठवतंय की ताई. म्हणून तर म्हणायलोय." तो गेल्यावर मला कळलं की मी भलत्याच माणसावर ओरडले. ओरडायचं होतं ते तुमच्यावर.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तुम्ही आम्हाला ती शोकांतिका शिकवलीत. वर्गात आम्ही चौदा जण, त्यात मुली तीन, आणि इंग्रजीचं एक वाक्य सरळ वाचता येईल अशी एकही नाही. तुम्ही आधी गोष्ट मराठीत सांगायचात. राजा होऊ पाहणाऱ्या एका सेनापतीला त्याच्याच मित्रांनी मारलंय. प्रेत चौकात आहे, गाव गोळा झालंय, आणि त्या प्रेतापाशी दोन भाषणं होतात. पहिलं मारणाऱ्यांपैकी एकाचं. तो सज्जन आहे, तो कारणं सांगतो, लोकांना डोकं वापरायला सांगतो. त्याचं भाषण संपल्यावर लोक त्याला डोक्यावर घ्यायला निघतात. आणि हा शहाणा काय करतो? मेलेल्याच्या दोस्ताला बोलायची परवानगी देतो, सगळ्यांनी थांबून त्याचं ऐकून घ्या म्हणतो आणि स्वतः घरी निघून जातो. मग दुसरा उभा राहतो. तो रडतो, थांबतो, पहिल्या वक्त्याची इतकी स्तुती करतो की तिची शिवी होते, मेलेल्याच्या कपड्यावरची भोकं बोट घालून दाखवतो, शेवटी मृत्युपत्र काढतो आणि त्यानं तुम्हा सगळ्यांना काय काय देऊन ठेवलंय ते वाचतो. तासाभरात तेच लोक पहिल्याचं घर जाळायला धावतात. हे सांगताना तुमचा आवाज चिरकायचा. पहिलं भाषण तुम्ही उभं राहून वाचायचात. दुसरं वाचताना खुर्चीत बसायचात, आणि अर्ध्यावर सोडून पुस्तक मिटायचात.

ट्युटोरियलला प्रश्न होता, दोन्हीपैकी अधिक प्रभावी भाषण कोणतं, तुलना करा. मी दुसरं लिहिलं. सर, मी काय उगीच नव्हतं लिहिलं. तिसरीत असल्यापासून मी आमच्या गावी, युसूफ वडगावात, जयंतीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून भाषणं केली होती. कोणत्या वाक्याला आमच्या आत्याचा पदर डोळ्याला जातो आणि कोणत्या वाक्याला पुढची रांग तंबाखू मळायला लागते, हे मला वरून दिसायचं. मी लिहिलं की पहिला वक्ता लोकांना फक्त ऐकायला सांगतो, दुसरा त्यांना काहीतरी करायला देतो. प्रेताभोवती गोल करा म्हणतो, पुढे या म्हणतो, मी मृत्युपत्र वाचू का असं विचारतो. ज्याला विचारलं जातं तो माणूस आपला होतो. तुम्ही वीसपैकी चार दिलेत. तेवढ्यावर भागलं नाही, वर्गात उभं केलंत आणि म्हणालात, "तुला टाळ्या कळतात. खरं कळत नाही. अशानं एखाद्या पुढाऱ्याची भाषणं लिहिशील पुढं." तेरा पोरं हसली. मी बसले आणि तास संपेपर्यंत वर पाहिलं नाही. प्रश्न खरं कोणतं असा नव्हताच, सर. प्रश्न प्रभावी कोणतं असा होता. तुमचा प्रश्न तुम्हीच वाचला नव्हता.

आणि तरी मी तुमच्या घरी येत राहिले, याचाही मला राग येतो. तुमच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा बाहेरच्या खोलीत तुमच्या आई मुद्दाम खाकरल्या. काकूंचा हात भाकरीवर थबकला. तुम्ही उठलात, स्वतःचं ताट उचलून माझ्या शेजारी आणून ठेवलंत आणि माझ्या ताटातला ठेचा बोटानं चाखून "तिखट झालाय" म्हणालात. एवढंच. मग भाकरी मोडता मोडता पुन्हा तेच भांडण. मी म्हणायचे, त्यानं शत्रूच्या हातात प्रेत दिलंच कशाला? तुम्ही म्हणायचात, "त्याला वाटलं, आपलं खरं आहे, मग भ्यायचं कशाला." मी म्हणायचे, मग मेला ना. काकू तव्याकडे बघत म्हणायच्या, "दोघंबी जेवा आधी. त्या मेलेल्यांचं मागून बघा." एम.ए.ला जाताना तुम्ही मला तुमची स्वतःची प्रत दिलीत. पहिल्या भाषणाची पानं पेन्सिलीच्या खुणांनी काळी झालेली. दुसऱ्याची पानं कोरी. वीस वर्षं शिकवूनही कोरी! तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस कधीतरी मार खाणार आहे.

खाल्लातच. बारावीच्या परीक्षेला तुम्ही केंद्रसंचालक होतात. आपल्याकडची परीक्षा कशी असते ते काय सांगायचं, आत पोरं लिहितात आणि बाहेर अर्धं गाव भिंतीला शिडी लावून उभं असतं. तुम्ही शिड्या काढायला लावल्यात. संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याच्या मोज्यातून गाईडची फाडलेली पानं काढलीत, पेपर काढून घेतलात आणि वर अहवाल पाठवलात. चार दिवसांत उलटी तक्रार आली की उत्तरं पुरवणारे तुम्हीच होतात, स्वतःवर येऊ नये म्हणून पोराला अडकवलंत. दोन पालकांच्या सह्या, एका शिपायाचा जबाब, आणि तुम्ही निलंबित. ज्या माणसानं उभ्या जन्मात परीक्षेत कुणाला एक वाक्य सांगितलं नाही, त्याच्यावर कॉप्या पुरवल्याचा आरोप! मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते, सुट्टी टाकून आले. तुम्ही टेबलाशी बसून खुलासा लिहीत होतात. अकरा पानं. मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन, समासात वेळा, शेवटी जोडपत्रं. एकही शब्द जास्त नाही आणि एकही शब्द कुणाच्या काळजाला लागेल असा नाही. मी म्हणाले, सर, हे कुणी वाचणार नाही. गावात चला, पारावर बसा, ज्यांच्या पोरी तुमच्यामुळे शिकल्या त्यांना बोलवा, अध्यक्ष रोज चहाच्या टपरीवर हळहळ करत तुमची बदनामी करतोय, तुम्हीही बोला. तुम्ही पेनचं टोपण लावलंत आणि म्हणालात, "लोकांना कळतं." काय कळतं, सर? कुणाला कळतं? तुम्ही बाजारात निघालात की लोक पाठीमागे म्हणायचे, "सर पण तसलेच निघाले बे." हे मी कानांनी ऐकलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही त्यावरही एक मुद्दा क्रमांक बारा लिहिला असता.

तिसऱ्या महिन्यात तुम्ही गेलात, झोपेत. चौकशी अर्ध्यावर.

दहाव्याला मी ती अकरा पानं घेऊन आले होते. तुमचं गाव मांजरेच्या काठी, घाटावर सकाळीच तीन-चारशे माणूस. प्रवचन झालं होतं, माईक तसाच उभा होता. आमच्या घरात पिंड, दहावा, कावळा हे सगळं आजोबांच्या पिढीत बंद झालेलं, त्यामुळे हा सगळा प्रकार मी जवळून पहिल्यांदाच बघत होते. पत्रावळीवर पिंड ठेवला, माणसं मागे सरली आणि वाट बघायला लागली. लिंबावर सात-आठ कावळे बसलेले, एकही खाली येईना. लोक एकमेकांत बोलायला लागले की सरांचा जीव कशात तरी अडकलाय. तुमचे भाऊ पुढे आले, म्हणाले, "दादा, वहिनीला काय कमी पडू देणार न्हाई." कावळा हलला नाही. काकू म्हणाल्या, "माज्याकडून काय चुकलं आसंल तर माफ करा." नाही. तुमचे वृद्ध चुलते पुटपुटले, "कशात गुतलाय रे बाबा जीव? सांग तरी." आणि मला वाटलं, हीच वेळ. सगळं गाव विचारतंय की सरांची इच्छा काय, आणि उत्तर माझ्या पिशवीत आहे. अध्यक्षही समोर होते, पांढऱ्या कपड्यात, उन्हात उभे.

मी माईकपाशी गेले. तुमच्यासारखी बोलले, सर. अगदी तुम्ही शिकवलं तशी. आरोप काय, तो खोटा का, पुरावे कोणते. मी तीन मुद्दे मांडले. पानं हातात धरून तारखा वाचल्या. "जबाबातील विसंगती" असा शब्द वापरला. ट्रॉलीवर उभी राहणारी पोरगी मी घरी ठेवून आले होते, कारण तुमच्या पिंडापुढे तरी तुमच्या पद्धतीनं बोलावं असं मला वाटलं. सुरुवातीला लोक ऐकत होते, काही जण मान हलवत होते, खोटं सांगत नाही. शेवटी मी म्हणाले, "सरांचा जीव याच्यातच अडकलाय. अध्यक्षांनी इथं, सगळ्यांसमोर, आरोप खोटा होता एवढं सांगावं." चुलते माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत, समजावून सांगतात तसं म्हणाले, "बाई, पिंडापुढं मागायचं नसतंय. द्यायचं असतंय. तू कागद कशाला काढायलीस?" मागून कुणीतरी म्हणालं, "हितं कोर्ट हाय का?" आणि मग मी काय केलं माहीत आहे? माईक स्टँडवरून काढला, चालत गेले आणि अध्यक्षांच्या हातात दिला. "तुम्ही बोला," म्हणाले. आणि लिंबाखाली जाऊन उभी राहिले. ज्या चुकीसाठी मी त्या नाटकातल्या माणसाला तुमच्या स्वयंपाकघरात मूर्ख म्हणत होते, ती चूक मी तुमच्याच दहाव्याला अक्षरशः तशीच्या तशी केली. तुम्ही चार गुण दिलेत ते बरोबर होतं म्हणायचं की काय!

अध्यक्षांनी माईक तोंडाशी नेला नाही. तो तुमच्या मुलाच्या हातात ठेवला. चपला काढल्या, पिंडापासून चार हातांवर उकिडवे बसले आणि तुमच्याशी बोलायला लागले. आमच्याशी नाही, तुमच्याशी. "सर, आता पोरगी जे बोलली ते बरोबर बोलली. लेकरू हाय तुमचं, तिला राग येणारच. मी तिला काय बोलणार न्हाई." तिथंच माझी निम्मी हवा गेली. "तुमची-माजी भांडणं झाली. लई झाली. भांडायला तरी तुमच्यासारका माणूस कुटं हाय आता? आज मी भांडायला आलो न्हाई सर." मग त्यांनी तुमच्या मुलाला हाताला धरून खाली बसवलं, त्याच्या मुंडलेल्या डोक्यावर हात ठेवला. "हे तुमचं पोरगं. उन्हाचं उभं हाय बगा सकाळपासून. आजपासून हे माजं. हे संस्थेत नोकरीला लागंल, हे मी गावापुढं बोलायलोय. कालिजच्या ग्रंथालयाला तुमचं नाव लागंल. वहिनीला कुणाच्या दारात जावं लागणार न्हाई." बायका रडायला लागल्या होत्या. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. ते उठले, चार पावलं मागे आले, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "या आता, सर."

आणि तुम्ही आलात. लिंबावरून एक कावळा सरळ खाली उतरला, इकडे-तिकडे मान वळवली आणि पिंडाला चोच मारली.

घाटावर एकच श्वास सुटला. "शिवला! शिवला!" चुलते मटकन खाली बसून रडले. सर, तुम्ही आयुष्यभर कावळ्यावर विश्वास ठेवला नाहीत. मीही ठेवत नाही. मला सगळी कारणं माहीत आहेत. ऊन वर आलं होतं, लोक मागे सरले होते, पक्ष्याला भूक लागली होती, अध्यक्षांना कावळ्यांच्या सवयी ठाऊक होत्या आणि वेळ कळत होती. मी ही कारणं सतरा वर्षं स्वतःला मुद्दे घालून सांगते आहे. पण त्या मूर्ख पाखराला दहा मिनिटं आधी काय झालं होतं? माझ्या तिसऱ्या मुद्द्याला का नाही उतरलं? त्या दिवसानंतर तुमच्या आरोपाचं नाव कुणी काढलं नाही. कशाला काढतील? खुद्द सरांनीच अध्यक्षांचं ऐकलं, सरांचा जीव सुटला, संपलं. फाईलवर शेरा पडला की कर्मचारी मयत, सबब चौकशी बंद. खोटा होता असं नाही, खरा होता असंही नाही. बंद. त्यांनी शब्द मात्र पाळले, एकूण एक. मुलगा नोकरीला लागला, पाटी लागली, काकू शेवटपर्यंत ताठ मानेनं जगल्या. ढोंगी माणसानं शब्द पाळावा याच्याइतका संताप आणणारा प्रकार दुसरा नाही, कारण त्याला मग काही म्हणता येत नाही.

आता मीही ते नाटक शिकवते. दुसरं भाषण उभं राहून वाचते, आवाज लावून, थांबून, एकेक शब्द चाखत. त्याची एक एक कळ पोरांना उघडून दाखवते, इथे बघा, इथे त्यानं तुम्हाला धरलं. पोरं म्हणतात, मॅडम, पहिला लईच भोळा. मी म्हणते, हो. आणि दर वर्षी त्यांना मांजरेच्या घाटाची गोष्ट सांगते, नावं न घेता. त्या गोष्टीत तीनशे माणूस एका भाषणानं फिरतं आणि एकटी विद्यार्थिनी तेवढी फिरत नाही. नवऱ्यालाही तशीच सांगितली आहे, तुमच्या मुलालाही काल तशीच ऐकवली. तुमची अकरा पानं माझ्याकडे आहेत. पुढे अर्ज करता आला असता. मेलेल्या माणसाच्या नावावरचा डाग पुसून घेण्यासाठी वर दाद मागता येते, हे मला नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. केला नाही. लोक ऐकणार नाहीत, कावळा शिवलाय, असं स्वतःला सांगत आले, आणि हा सगळा राग तुमच्यावर काढत आले, की तुम्ही मला चुकीचं भाषण शिकवलंत. तुमच्या मुलाला आज सकाळी निरोप पाठवला की येते. काय बोलणार ते सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नाही. हे पत्र तर तुम्हाला पोचायचं नाहीच, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते.

कावळा खाली उतरला तेव्हा लिंबाखाली मीही रडत होते आणि माझेही हात जोडलेले होते. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप जोडले गेले. सुटले सर, असंच माझ्याही मनात आलं. अध्यक्ष चपला घालून माझ्या जवळून गेले, माझ्या हातांकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली, काम झाल्यावर हलवतात तशी. मला हात सोडता आले असते. मी ते तसेच धरून ठेवले.